न ठोकलेली भिंत

माझ्या पर्समध्ये कंगवा नसला तरी चालतं, हातोडी मात्र लागते. लहानशीच आहे, लाकडी दांड्याची, तोंड घासून गुळगुळीत झालेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्या साहेबांच्या हाताखाली मी शिकले, त्यांनी ती मला दिली आणि वर सांगितलं, "इमारत डोळ्यानं पाहायची नसते, कानानं पाहायची असते." भिंत ठोकायची आणि ऐकायचं. भरीव भिंत टणक बोलते. आतली माती सुटली असेल, गिलावा फुगला असेल तर आवाज बद्द येतो. उन्हाळ्यात वैनगंगेच्या वाळूतलं टरबूज आपण ठोकून घेतो, त्यात आणि यात फारसा फरक नाही.

शाळांच्या इमारती बांधून घेणं, दुरुस्त करणं आणि पडल्या की त्यांचा पंचनामा करणं हे माझं काम. भंडारा जिल्ह्याच्या या भागात मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि केस पिकले तरी कनिष्ठच आहे. तोंडावर लोक मला मॅडम म्हणतात, पाठीमागे 'ठोकणारी बाई' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण एकदा एका भिंतीसमोर उभी असताना मी ती हातोडी पर्समधून काढली नाही.

त्या वर्षी वरून ठरलं की शाळांच्या इमारतींचा दहा वर्षांचा आराखडा करायचा. तोवर रडेल त्याला दूध असा कारभार होता. ज्या गावचा पुढारी जास्त ओरडेल, त्या गावच्या शाळेला स्लॅब. आता तसं नाही. प्रत्येक खोली पाहायची, तिला अ ते ड अशी श्रेणी द्यायची आणि त्या क्रमानं दहा वर्षं काम करत राहायचं. अ म्हणजे ठणठणीत. ब म्हणजे किरकोळ दुरुस्ती, पाच-सहा वर्षं थांबू शकते. क म्हणजे मोठी दुरुस्ती, लवकर करायची. आणि ड म्हणजे धोकादायक. त्या खोलीचं निर्लेखन करायचं, म्हणजे कागदावरून ती खोडायची, पाडायची, आणि तिच्या जागी नवी बांधायची. ड लिहिलं की त्या दिवसापासून तिथे एकही मूल बसवायचं नाही.

मला हे मनापासून पटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ऑफिसातल्या एखाद्या कागदावर माझा जीव जडला. अंगणवाडीच्या ताई नवीन बाळाचं वजन लिहितात तितक्या मायेनं मी ते तक्ते आखत होते, भरत होते.

पण आराखडा कागदावर असतो आणि गाव गावात असतं. आम्ही येणार हे कळताच मोठ्या गावांनी आपापल्या शाळा आजारी पाडल्या. एका ठिकाणी तर आदल्या रात्री स्लॅबवर पाणी सोडून ठेवलं होतं, गळतं छत मला आयतंच दिसावं म्हणून. बाहेर लख्ख ऊन आणि वर्गात टपटप. मी तिथल्या सरपंचांना विचारलं, "तुमच्याकडे पाऊस घरातच पडतो का हो?" बिचारे इतके खजील झाले की चहा सांगायचा विसरले.

लहान गावांचं उलट होतं. ती आजारी शाळा धडधाकट करून दाखवत. कारण सोपं होतं. लहान शाळेचा पट पंधरा-वीस. असतात दोनच खोल्या. एक खोली ड झाली की मुलं बसवायची कुठे? मग नवी खोली होईपर्यंत त्यांना शेजारच्या गावच्या शाळेत न्यायचं. आणि एकदा गेलेली मुलं परत येत नाहीत, हे कुणी सांगायला नको. आजूबाजूच्या गावांत तशा कुलूप लागलेल्या शाळा सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

सानगडीच्या पुढे आत वळल्यावर एक गाव आहे. त्या गावची शाळा जोडून असलेल्या दोन खोल्यांची, जुनी, वर कवेलू, म्हणजे कौलं, भिंती विटांच्या पण विटा जोडणारा गारा मातीचा. शाळेच्या पाठीमागे बोडी, म्हणजे धानाला पाणी पुरवणारा लहान तलाव. बोडी भरली की पाणी पाळीच्या, म्हणजे तिच्या बांधाच्या, खालून झिरपतं आणि जमीन महिनोन्‌महिने ओली राहते. अशा जागी शाळा कुणी बांधली हे विचारण्यात अर्थ नव्हता. ज्यांनी बांधली ते केव्हाच गेले.

तिथे जायची तारीख मीच ठरवली होती आणि तीच पहिली चूक. दिवाळी उलटून आठवडा झाला होता. या दिवसांत आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, खेळण्यांची आणि जिलेबीची दुकानं लागतात, रात्री नाटक होतं. पाहुणे येणार म्हणून गाव घरं लिंपतं, सारवतं, रंगवतं. मी इथेच जन्मले, मला हे सारं माहीत होतं. पण मी विचार केला, बरं आहे, लवकर येणारा हलका धान निघालाय, लोक गावात सापडतील. शाळा मात्र वर्षातल्या सगळ्यात सजलेल्या दिवशी मला सापडेल, हे काही डोक्यात आलं नाही.

त्या गावात नाटकाचा मंच शाळेच्या पटांगणात पडतो, म्हणून शाळाही रंगते. मी गाडीतून उतरले तर शाळा नवरीसारखी उभी होती. पांढराशुभ्र चुना, खाली गेरूचा पट्टा. आणि त्या शाळेत चौथीपर्यंत शिकून सासरी गेलेल्या लेकींनी आदल्या दोन दिवसांत आतल्या भिंतींवर चित्रं काढली होती. धानाच्या लोंब्या, बैलजोडी, आणि बोडीकडच्या भिंतीवर एक मोर, पिसारा छतापर्यंत पोचलेला. त्या बायका लेकरं कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. मॅडम पाहतील म्हणून.

गुरुजी सामोरे आले. दोनशिक्षकी शाळेतले ते जुने, दुसरे मास्तर त्या दिवशी कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलेले. "या मॅडम, या," ते म्हणाले. "आज मंडई हाये आमच्याकडं. पयले जेवून घ्या, मंग शाळा पाहा. शाळा कुठं पळून जाऊन राहिली?"

मी जेवले. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आणि भात होता. वाढायला शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या काकू होत्या. साठीच्या, काटक, फार न बोलणाऱ्या. त्यांच्या कोपरापर्यंत चुना वाळलेला होता. शाळा त्यांनीच लिंपली होती.

मग मी मोराच्या भिंतीपुढे उभी राहिले. तळाशी हातभर ओल होती, नव्या चुन्यातूनही दिसत होती. मधोमध एक पट्टा आजूबाजूपेक्षा जास्त गुळगुळीत होता, कुणीतरी ताजी माती भरून हात फिरवल्यासारखा. वीस वर्षं भिंती पाहणाऱ्या बाईला याहून जास्त काय सांगायला हवं? मी पर्समध्ये हात घातला. दांडा हाताला लागला.

मागून काकूंचा आवाज आला, "ठोकत नाई का मॅडम? मांगचे साहेब ठोकत होते."

गुरुजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. दारातल्या बायका माझ्या पर्सकडे पाहत होत्या. त्यांच्यातली जिनं मोर काढला होता ती कोण, हे मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं श्वास धरून ठेवला होता. एक ठोका मारला असता तर पिसाऱ्याचा निम्मा चुना खाली आला असता, मंडईच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, त्यांच्याच घरचे वडे पोटात असताना.

मी हात रिकामाच बाहेर काढला. म्हटलं, "आज नको काकू. एवढा छान मोर आहे, खराब होईल."

बायका खुदकन हसल्या. सगळं पटांगण मोकळं झाल्यासारखं वाटलं. काकू हसल्या नाहीत. त्या खरकटी ताटं उचलून आत गेल्या.

गुरुजींनी मला बोडीच्या पाळीवर नेलं. मी चिडलेच होते, स्वतःवर, पण राग त्यांच्यावर काढला. "गुरुजी, मी काय आंधळी आहे? भिंतीत ओल आहे. मधली माती ताजी आहे."

"आंधय्या कशाच्या मॅडम," ते म्हणाले. "तुमाले आज दिसली, मले त रोज दिसते. तिकडच्या बाजूले मी पोट्टेच बसवत नाई. पन सतराच पोट्टे हायेत. तुमी ड लिहिलं का उद्यापासून ते नाल्यापलीकडच्या शाळेत जातीन. गेले का वापस येत नाई. भिंत पडन तवा पडन. शाळा त आजच पडते."

मी म्हणायला हवं होतं, की भिंत पडेल तेव्हा तिच्याखाली कोण असेल हे तुम्ही ठरवणार नाही. तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

मी ब लिहिलं. तक्त्यात 'ठोकून पाहिले' असा एक चौकोन होता, त्यात बरोबरची खूणही केली. मनाची समजूत अशी घातली की पुढच्या फेरतपासणीत गुपचूप क करून टाकू, म्हणजे मुलंही हलणार नाहीत आणि कामही लवकर होईल. हे मी दयेनं केलं का भिडेपोटी, याचा मी खूप विचार केला आहे. दया असती तर मी ऑफिसात जाऊन भांडले असते की नवी खोली होईपर्यंत गावातच समाजमंदिरात वर्ग भरवा. तसं मी एका शब्दानं बोलले नाही. भीडच होती ती. आमच्यात म्हणतात, भीड ही भिकेची बहीण. भीड माझी होती, भीक दुसऱ्याच्या वाट्याला आली.

आराखडा मंजूर झाला. भिंतीएवढा तक्ता छापून ऑफिसात लागला, चार रंगांत. त्या गावची शाळा पिवळ्या रंगात, सहाव्या वर्षात होती. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की इतकं काटेकोर काम दुसऱ्या कुणाचं नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

उन्हाळ्यात एकदा बोडीकडच्या रस्त्यानं जाणं झालं. शाळेला सुट्टी होती. गाडी थांबवून मी खिडकीतूनच पाहिलं. बाहेरच्या चुन्यावर, आत जिथे मोराची मान येते त्या उंचीवर, बोट जाईल अशी भेग आली होती. मी उतरले नाही. उतरले असते तर ठोकावं लागलं असतं, आणि ठोकलं असतं तर श्रेणी बदलायचं पत्र लिहावं लागलं असतं, आणि त्या पत्रात आधी का नाही कळलं हे सांगावं लागलं असतं. ड्रायव्हरला म्हटलं, चला. पावसाळा होऊन जाऊ दे, मग पाहू.

पावसाळा होऊन गेला नाही.

तान्ह्या पोळ्याची सकाळ होती. मोठा पोळा आदल्या दिवशी झालेला. तान्हा पोळा मुलांचा. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, रांगेत लावतात, गावातली मोठी माणसं कौतुक करतात, खाऊ देतात. त्या गावात दरवर्षी हे पटांगणात होई. पण चार दिवस झड लागलेली होती, म्हणून यंदा बैल शाळेच्या मोठ्या, मोराच्या खोलीत लावायचे ठरले होते, दुपारी. काकू सकाळीच खोली झाडून सारवायला गेल्या.

गुरुजींचा फोन आला. फोनवर त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. "मॅडम, मोराची भिंत बसली... काकी अंदर होत्या."

मी पोचले तोवर गावकऱ्यांनी हातांनी माती उपसून त्यांना काढलं होतं आणि साकोलीला नेलं होतं, तिथून नागपूरला. जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं आणि उजवा पाय कायमचा आखडला. भिंत आत पडली होती आणि तिच्यामागे कवेलूंचं अर्धं छप्पर. विटांमधली माती ओल्या पिठासारखी झाली होती, बोट घातलं तर आत जात होतं. ढिगाऱ्यात चुन्याच्या तुकड्यांवर निळे-हिरवे डोळे दिसत होते, पिसाऱ्यातले. दाराच्या चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण जसंच्या तसं होतं. एरवी गुरुजी त्या बाजूला मुलं बसवत नसत, पण बैलांच्या रांगेला खोलीभर जागा लागणार होती; दुपारी सगळी मुलं त्याच भिंतीला पाठ लावून बसणार होती.

मी पंचनामा केला. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं, हे मला आजही घृणास्पद वाटतं.

चौकशीला वरून दुसरे साहेब आले. माझ्याकडे पाहून विचारलं, "ठोकून पाहिलं होतं ना तुम्ही?" विचारलं म्हणजे काय, सांगितलंच. मी म्हटलं, "हो." त्यांनी लगेच लिहून घेतलं, अतिवृष्टीमुळे भिंत कोसळली. कुणालाही संशय आला नाही. ठोकणारी बाई ठोकल्याशिवाय कशी राहील? वीस वर्षांत कमावलेलं नाव मी त्या एका 'हो'साठी खर्च केलं.

मुलं तात्पुरती नाल्यापलीकडच्या शाळेत गेली. पाणी चढलं की त्यांचा आठवडा बुडायचा. जूनमध्ये त्यातली एक-दोन खासगी शाळेच्या गाडीतून जायला लागली, बाकीची तिथेच राहिली, पहिलीत नवीन कुणी आलं नाही. गुरुजींची बदली झाली. जाताना ते मला भेटायला आले होते. टेबलापाशी उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "मीच अडवलं तुमाले." मी म्हणू शकले असते की मी अडले, तुम्ही अडवलं नाही. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

इकडे आराखड्यानं आपलं काम चोख केलं. पडलेली इमारत आपोआप ड मध्ये गेली, लाल झाली आणि सहाव्या वर्षातून पहिल्या रांगेत आली. दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. मी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना जाऊन सांगितलं की तिथे आता मुलंच नाहीत. ते म्हणाले, "मंजूर काम रद्द करायला जास्त कागद लागतात. बांधून ठेवा. इमारत चांगली असली की पट येतो." त्या तक्त्यात खोल्यांचे रकाने होते, मुलांचा नव्हता. तो तक्ता मीच आखला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मागच्या हिवाळ्यात मी ताबा घ्यायला गेले. बोडीपासून लांब, उंच जोत्यावर, काँक्रीटच्या खांबांची इमारत. रॅम्प, जाळीच्या खिडक्या, लिहायला हिरवे फळे. इतकी चांगली शाळा माझ्या हातून आधी झाली नव्हती. पटांगणात मंडईच्या मंचाचे बांबू अजून पडलेले होते.

किल्ली काकूंकडे होती. काठी टेकत, एक पाय ओढत आल्या. शाळाच नाही तर खिचडी कुठली, त्यांचं काम गेलंच होतं. गावानं किल्ली मात्र त्यांच्याकडे ठेवली होती. त्यांनी कुलूप काढलं, पदरानं दारावरची धूळ पुसली.

"बऱ्या आहात ना काकू?" मी विचारलं.

"जशी हाये तशी हाये."

खोलीत आम्ही दोघीच होतो. नव्या चुन्याचा आणि कोंडलेल्या हवेचा वास होता. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी ठोकायला पाहिजे होतं."

त्यांनी किल्ली कमरेला खोचली. मग म्हणाल्या, "म्या त म्हटलंच होतं." आणि पुढे, "लिंपली त म्याच ना. गावापुढं यापरीस जास्त कशी बोलनार होती मी?"

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी साऱ्या गावात एकट्या त्यांनीच माझ्याकडे मदत मागितली होती.

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी भिंतीकडे वळले आणि पर्समधून हातोडी काढली. खाली, मध्ये, हात पोचेल तिथवर वर. टणक, स्वच्छ आवाज. रिकाम्या खोलीत तो जरा जास्तच मोठा वाटत होता.

काकू काठीवर भार देऊन पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आता काहून ठोकता मॅडम? आता कोन बसनार हाये तिच्याखाली?"

मी उरलेल्या तीन भिंती ठोकल्या. सगळ्या भरीव होत्या.